दुरून आलेली इंग्रजी

विदर्भातील जुन्या व्यापारी घरांत, रोजमेळ आणि खातेवह्यांच्या कपाटात, दोन पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या जागा धरून असत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे, पुढच्या काळातले, रॅपिडेक्स. पहिल्यात मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत करण्याचे पाठ होते. दुसऱ्याच्या जाहिरातीत खुद्द कपिल देव होते, आणि जो हरियाणाचा खेळाडू जगभर इंग्रजीत मुलाखती देतो त्याला जमले ते आपल्यालाही जमेल, असा धीर त्या छायाचित्राने अनेकांना दिला. शाळा सोडून दुकानात बसू लागलेला मुलगा गिऱ्हाइकांच्या अधल्यामधल्या वेळात ही पुस्तके चाळी. दूरशिक्षण हा शब्द रूढ होण्यापूर्वीचे हे दूरशिक्षणच होते. त्यातून कामापुरती इंग्रजी आलीही. तारेचा मजकूर कळू लागला, बीजकावरच्या अटी वाचता आल्या, विमा कंपनीच्या पत्राचा अर्थ लागला. मात्र मुंबईचा खरेदीदार टेलिफोनवर इंग्रजीत बोलू लागला की तोच वाचता येणारा माणूस रिसीव्हर दुसऱ्याच्या हाती देई. पुस्तकाने त्याला वाचायला शिकवले होते. पुस्तक कधी थांबून प्रश्न विचारत नाही, म्हणून उत्तर देण्याची सवय त्याला लागली नव्हती.

पुस्तकाची ती जागा आता फोनने घेतली आहे. यवतमाळ जिल्ह्यात या बदलाला विशेष महत्त्व आहे, कारण अंतर हे येथील शिक्षणाचे जुने दुखणे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके १६, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड अशा बाजारपेठेच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, शिकवण्या आहेत. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांच्या आतल्या भागात मात्र लहान शाळेतला जो शिक्षक गणित आणि परिसर अभ्यास शिकवतो तोच इंग्रजीही शिकवतो, आणि त्याला स्वतःला इंग्रजी बोलण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळीच येतो. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. पुस्तके वेळेवर पोहोचली. इंग्रजीचा आवाज तितक्या सहजपणे पोहोचला नाही.

या जिल्ह्यातले मूल भाषेत कच्चे असते, असा एक समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते, गोंड मूल गोंडी, तांड्यावरचे मूल गोरमाटी. शाळेत गेल्यावर ते मराठी शिकते आणि आठवडी बाजारात हिंदी. व्यापारी घरातल्या मुलाचीही तऱ्हा वेगळी नाही. आजीशी मारवाडी किंवा गुजराती, गल्लीत वऱ्हाडी, दुकानात हिंदी. या मुलांना तीन-तीन भाषा कोणी तक्ते लावून शिकवल्या नाहीत. दुकानात हिंदी येते ती गिऱ्हाईक समोर उभे असते आणि उत्तराची वाट पाहत असते म्हणून. भाव विचारला, उत्तर दिले; चुकले तर गिऱ्हाईक हसले, पुन्हा सांगितले. इंग्रजी येत नाही याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की इंग्रजीत त्या मुलाच्या उत्तरासाठी कोणी थांबलेलेच नसते. दुरून इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक साधनाची परीक्षा याच एका कसोटीवर करता येते, आणि गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला तर ती कसोटी फारशी चुकलेली नाही.

आकाशवाणी आणि त्याआधी बीबीसी यांनी रेडिओवरून भाषाशिक्षणाची वाट पाडली. बीबीसीचे ‘इंग्लिश बाय रेडिओ’ १९४३ साली, महायुद्धाच्या काळातच सुरू झाले. ऐकणाऱ्याला उच्चार कळले, हे पुस्तकापेक्षा मोठे पाऊल होते. मराठी लिपीत ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे लिहिता येतात, पण ओठ कोठे ठेवायचे हे कागद सांगत नाही. रेडिओने निदान कानाला तो फरक दाखवला. तरीही निवेदक बोलत राही आणि श्रोता ऐकत राही. ही अडचण सुटली ती एका अगदी साध्या युक्तीने, आणि ती सुचली गणितासाठी. १९७०च्या दशकात मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग केला. त्यांनी ध्वनिफितीत मुद्दाम रिकामी जागा सोडली. निवेदक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. वर्गातली मुले मोठ्याने उत्तर देतात. मग निवेदक बरोबर उत्तर सांगून पुढे जातो. रेडिओला मुलांचे काही ऐकू येत नाही. परंतु मुलांना वाटते की तो आपल्या उत्तरासाठी थांबला आहे, आणि तेवढे पुरते.

हीच युक्ती १९८० ते १९८५ या काळात केनियात इंग्रजीसाठी वापरली गेली. ग्रामीण शाळांतील पहिली ते तिसरीच्या वर्गांना रोज अर्धा तास रेडिओ-पाठ. त्यात सूचना येई, उभे राहा, दाराला हात लावा, शेजाऱ्याला त्याचे नाव विचारा. शिक्षक वर्गातच असे. कोण दाराकडे गेले आणि कोण खिडकीकडे, हे तो पाहत असे. पाठ ऐकणाऱ्या वर्गांची श्रवण आणि वाचन या दोन्हींतली प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांपेक्षा चांगली दिसली. यंत्र म्हणजे केवळ एक रेडिओ, तोही बॅटरीवर चालणारा. खर्च झाला तो विचारावर, कोणत्या वाक्यानंतर किती सेकंद थांबायचे यावर.

महाराष्ट्रात ही पद्धत पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने आणली. जॉन आणि झकिया कुरियन या दांपत्याने उभारलेल्या या संस्थेने मराठी माध्यमाच्या शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओ-पाठमाला तयार केली आणि ती आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेली. मराठी मुलाला इंग्रजी ऐकवून त्याच्याकडून बोलवून घ्यायचे, हा तिचा गाभा. इंग्रजी शिकवायची म्हणजे मराठीला वर्गाबाहेर काढायचे, असा आग्रह अनेक शाळांत धरला जातो. त्यापुढे मुलाच्या भाषेचा हात धरून इंग्रजीकडे नेणारी ही वाट कितीतरी शहाणपणाची. अशा पाठमालेचा आणखी एक लाभ सहसा मोजला जात नाही. वर्गात रेडिओ लागला की मुलांबरोबर शिक्षकही ऐकतो, आणि कोणासमोरही कमीपणा न घेता स्वतःचे उच्चार सुधारतो. ज्या शिक्षकाला इंग्रजीची धास्ती वाटते त्याला प्रशिक्षणाच्या शिबिरापेक्षा ही सोबत अधिक मानवते.

एक जण म्हणतो, थांबतो, ऐकणारा म्हणतो: हा प्रकार जैन कुटुंबांना अपरिचित नाही. पाठशाळेत सूत्र असेच दिले जाते. एक चरण म्हणायचे, मुलांकडून म्हणवून घ्यायचे, अडखळले तर पुन्हा. अर्थ मागाहून येतो. आधी जिव्हेला वळण लागते. २०२०च्या टाळेबंदीत जेव्हा अनेक ठिकाणच्या पाठशाळा फोनच्या पडद्यावर आल्या तेव्हा एक विचित्र अडचण सर्वांच्या अनुभवाला आली. प्रत्येक घरातला आवाज थोड्याथोड्या अंतराने पोहोचतो, त्यामुळे वीस मुलांनी एकत्र सूत्र म्हटले की नुसता कल्लोळ होतो. उपाय एकच उरला, शिकवणाऱ्याखेरीज सर्वांचे आवाज बंद. मुले आपापल्या घरी म्हणत होती की नुसतेच ओठ हलवत होती, हे पडद्यावरून कळेना. सूत्रपाठाचे एक वेळ निभावले, कारण घरात आजी ऐकायला होती आणि तिला सूत्र पाठ होते. इंग्रजीच्या ऑनलाइन वर्गाला ती आजी नव्हती. वर्ष-दीड वर्ष लाखो मुलांनी इंग्रजीचे तास आवाज बंद ठेवून ऐकले. म्हणजे तंत्रज्ञान नवे आणि पद्धत पुन्हा १९४३ची.

त्या काळात महाराष्ट्रात काही चांगले प्रयत्नही झाले. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर आली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. तिने शिक्षकाला पडद्यावर उभे करण्याऐवजी घरातल्या वस्तू घेऊन पालकांबरोबर शिकणारी मुले दाखवली. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ या नावाने ध्वनिक्षेपक फिरले. ज्या घरी फोन नाही तेथील मुले झाडाखाली बसून पाठ ऐकत आणि सोबतचे कार्यकर्ते त्यांना बोलते करत. दोन्हींत साधन जुनेच होते. दोन्हींनी मुलाजवळ कोणीतरी माणूस असेल याची तजवीज केली होती.

माणसाचा हा वाटा किती, याचे मोजमाप त्याच वर्षी आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात झाले. विषय इंग्रजीचा नव्हता, प्राथमिक गणिताचा होता, पण शिकवण दुरून शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. शाळा बंद असताना काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचा संदेश फोनवर पाठवला गेला. काहींना संदेशासोबत शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा साधा फोन गेला. फोन स्पीकरवर ठेवायचा, मूल आणि पालक दोघांनी बसायचे, शिक्षकाने प्रश्न विचारायचा आणि थांबायचे. केवळ संदेश मिळालेल्या मुलांत म्हणावा असा फरक पडला नाही. फोन आलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. त्याला इंटरनेट लागले नाही, स्मार्टफोन लागला नाही.

महाराष्ट्राने असा संदेशांचा प्रयोग त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच पाहिला होता. नोकिया कंपनीने ‘लाइफ टूल्स’ ही सेवा देशभर आणण्यापूर्वी २००८-०९च्या सुमारास तिची चाचणी महाराष्ट्रात घेतली. बटणांच्या साध्या फोनवर शेतमालाचे भाव, हवामान आणि इंग्रजीचे छोटे पाठ एकाच ठिकाणी मिळत. भावाचा संदेश उपयोगी पडे, कारण त्यावर त्याच दिवशी व्यवहार करायचा असे. इंग्रजी शब्दाचा संदेश वाचून पुसला जाई. त्या शब्दाशी त्या दिवशी कोणाचे काही काम पडत नसे. काही वर्षांत ती सेवा बंद झाली. बांगलादेशात बीबीसीने २००९ साली ‘जानाला’ या नावाने जे केले ते याहून पुढचे होते. ३००० हा क्रमांक फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजी पाठ कानाने ऐकायचा, सोबत उजळणीची प्रश्नावली. मोबाइल कंपन्यांना त्या क्रमांकाचे दर उतरवायला लावले, म्हणून रिक्षावाल्यापासून कारकुनापर्यंत लोकांनी ते वापरले. व्यापारी दृष्टीने पाहिले तर त्या योजनेतला सर्वांत शहाणा निर्णय तो दर उतरवण्याचाच.

सातारा जिल्ह्यातील फलटणचा अनुभव मात्र जरा थांबून पाहण्याजोगा. शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या मुलांना तो मोकळा करून दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दहा वर्षांनी, २००९ साली, त्यांनी ब्रिटनमधील लोकांना आवाहन केले की आठवड्यातून एक तास स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला. पुढे आलेल्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ होत्या, म्हणून त्या जाळ्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ असे नाव पडले, जणू आभाळातल्या आज्या. त्यांनी व्याकरण शिकवायचे नव्हते. गोष्ट वाचायची, मुलाने काढलेले चित्र पाहायचे, ते कसे काढले हे विचारायचे आणि खरोखरीच्या आजीप्रमाणे कौतुक करायचे. २०१३ साली मित्रा यांना टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले आणि त्यातून ज्या मोजक्या ठिकाणी ‘स्कूल इन द क्लाउड’चे वर्ग उभे राहिले त्यांत फलटणची प्रगत शिक्षण संस्था होती.

ही निवड अर्थपूर्ण होती. प्रगत शिक्षण संस्था ही मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेली. मूळच्या अमेरिकन असलेल्या या विदुषी मराठीच्या अभ्यासासाठी आल्या, फलटणला स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मुलाने आधी मातृभाषेत नीट वाचावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या आज्या पडद्यावर आल्या त्या अशा मुलांसमोर, ज्यांना आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची आणि सांगण्याची सवय होती. जाळे तुटे, आवाज अडखळे. पण पलीकडची व्यक्ती मराठी जाणत नसल्यामुळे मुलाला काहीतरी करून इंग्रजीत सांगावेच लागे. मित्रांच्या प्रयोगांवर टीकाही पुष्कळ झाली आहे, आणि तीत तथ्य आहे. नुसता संगणक ठेवून निघून गेल्यावर बरीच ठिकाणे मोडकळीस आली. मोठी, धट्टीकट्टी मुले पुढे आणि मुली मागे, असेही घडले. म्हणूनच या साऱ्या खटाटोपातले टिकणारे अंग संगणकाचे नव्हे, त्या आज्यांचे ठरले.

मुली मागे राहतात ही बाब केवळ भिंतीतल्या संगणकाची नाही. ‘असर’ या पाहणीने २०२३ साली देशाच्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची चाचणी घेतली. इंग्रजी वाक्ये वाचता येणारे ५७.३ टक्के निघाले, आणि त्यांतल्याही सुमारे एक चतुर्थांशांना वाचलेल्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. स्मार्टफोन जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरात होता व तो वापरताही येत होता. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. घरात एक फोन, तो दिवसभर दुकानात किंवा शेतात वडिलांच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात: या क्रमात मुलीचा इंग्रजीचा तास कोठे बसतो, हे प्रत्येक घराने आपापले पाहण्याजोगे आहे. सुखवस्तू घरांतही हा क्रम वेगळा असतोच असे नाही.

दुरून शिकवण्याचा दुसरा मार्ग मुलाकडे न जाता शिक्षकाकडे जातो. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून २०१६ पासून चालवलेल्या ‘तेजस’ उपक्रमाने प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट बांधले. गट ठरावीक काळाने प्रत्यक्ष भेटत आणि मधल्या दिवसांत फोनवरच्या समूहातून इंग्रजीतच बोलत-लिहीत राहत. मोठ्या शिबिरात तीन दिवस ऐकलेले तीन आठवड्यांत विसरते. गटात आपल्यासारखाच दुसरा शिक्षक चुकतमाकत बोलताना दिसला की जीभ सैल होते. पाठ्यपुस्तकांवर आलेले क्यूआर कोडही आता ओळखीचे झाले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी त्यांचा वापर आधी आपल्या वर्गात केला आणि २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. कोड टिपला की कविता ऐकू येते, आणि उच्चारासाठी त्याचा उपयोग आहेच. ती म्हणून घेणारे कोणी शेजारी असले तरच पुढचे काम होते, एवढे लक्षात ठेवावे.

अलीकडे यंत्राला थोडेफार ऐकूही येऊ लागले आहे. गुगलने २०१९ साली ‘बोलो’ या नावाने भारतात आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अॅप मुलाने मोठ्याने वाचलेले ऐकते, अडखळलेला शब्द ओळखून तो म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवायही चालते, मराठी गोष्टीही त्यात आहेत, आणि पैसे पडत नाहीत. रेडिओची रिकामी जागा भरून निघाली असे यावरून वाटेल, पण पुरती नाही. यंत्र वाचन ऐकते, मुलाचे म्हणणे नव्हे. आणि नव्या बोलक्या यंत्रांशी गप्पा मारणाऱ्या मुलाला एक सोय फार लवकर कळते, की यंत्र कंटाळत नाही, हसत नाही, पुन्हा विचारत नाही. लाजऱ्या मुलाला सुरुवातीला ही सोय वरदान आहे. पुढे मात्र त्याला कधीतरी कंटाळणाऱ्या, घाईत असलेल्या, वेगळ्या उच्चाराच्या माणसाशीच बोलायचे आहे.

तो प्रसंग किती खरा असतो हे यवतमाळातच पाहायला मिळते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातून आलेले राजू केंद्रे यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणानेच पदवी घेतली, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले आणि २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्यांनी यवतमाळात सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलामुलींना देशातल्या नामवंत संस्थांच्या आणि परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. मार्गदर्शनाचा मोठा भाग ऑनलाइन चालतो. ज्यांनी तोच अर्ज आधी भरला आहे, तीच मुलाखत दिली आहे, असे लोक दूरच्या शहरांतून आठवड्यामागून आठवडे एका विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकतात. संस्थेचे नाव गुरूवाचून शिकलेल्याचे आहे, पण काम नेमके उलटे, दूर असलेल्या शिष्याला बोलणारा गुरू मिळवून देण्याचे.

परदेशी प्रवेशासाठी लागणाऱ्या ‘आयईएलटीएस’ परीक्षेत संभाषणाची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. समोर परीक्षक असतो, प्रत्यक्ष किंवा पडद्यावर. मराठी शाळेत बारावीपर्यंत इंग्रजीचे शेकडो तास बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात इतकी मिनिटे सलग इंग्रजीत बोलण्याची ती पहिलीच वेळ असते. पुसद किंवा आर्णीहून आलेल्या मुलीला व्याकरण येत असते. परीक्षकाने ‘का?’ असे विचारले की ती अडते, कारण इंग्रजीत तिला ‘का?’ असे आजवर कोणी विचारलेलेच नसते.

हा सारा मामला व्यापारी घरांना हिशेबातही मांडता येतो. समजा, एका ऑनलाइन वर्गाचे १२,००० रुपये शुल्क आहे, तास १०० आणि वर्गात मुले ४०. शिकवणाऱ्याने निम्माच वेळ घेतला आणि उरलेला अर्धा तास सर्वांना सारखा वाटला, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला तासाला ४५ सेकंद येतात. शंभर तासांत ७५ मिनिटे. म्हणजे मूल जे एक मिनिट इंग्रजी बोलले ते १६० रुपयांना पडले. आवाज बंद ठेवलेल्या वर्गात तर हा भाव काढताच येत नाही. माल घेताना नमुना हातात घेऊन पाहणारे कुटुंब अभ्यासक्रम घेताना माहितीपुस्तिकेवरची चित्रे पाहून पैसे भरते, याचे नवल वाटते. चाचणीचा एक तास मागावा, मुलाशेजारी घड्याळ घेऊन बसावे आणि त्याचा आवाज किती वेळ ऐकू आला ते मोजावे.

त्या मानाने दोघांमधला वीस मिनिटांचा साधा फोन स्वस्त. बहुतेक व्यापारी घरांत पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी असलेली एक भाची, एक जावई, एक सून असतेच, आणि मराठी माध्यमात शिकलेला एक भाचाही असतो. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, ठरलेला विषय: आज दुकानात काय विकले, कोणते गिऱ्हाईक परत गेले, का गेले. चूक वाक्य तोडून सुधारायची नाही. तेच वाक्य बरोबर करून प्रश्नात परत द्यायचे, म्हणजे मूल ते उचलते. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचे, आणि हे मोठ्यांना सर्वांत अवघड जाते. दुकानातल्या दिवाणजीच्या मुलीला त्याच फोनवर सोबत बसवले तर खर्च वाढत नाही, उलट दोघांना आपसात बोलायला विषय मिळतो. फोन त्या वीस मिनिटांपुरता मुलीच्या हातात राहील, एवढे मात्र आधी ठरवून घ्यावे लागते.

वेळेचे गणित यवतमाळात ऋतूवर चालते. चातुर्मासात कापसाचा बाजार मंद असतो आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेल्या घरात संध्याकाळचा तास मोकळा सापडतो. सुरुवात करायला हे तीन-चार महिने सोयीचे. दसरा उलटून गाड्या जिनिंगकडे लागल्या की रात्री दुकान वाढवायलाच उशीर होतो. तेव्हा हा फोन सकाळी शाळेआधी लावावा, आणि पलीकडचे माणूस अमेरिकेत असेल तर ती वेळ त्याच्या संध्याकाळीशी आपोआप जुळते.